थांबण्याची विद्या : घाटउतारापासून शर्यतीच्या ट्रॅकपर्यंत

इतिहास लिहिणाऱ्यांना गतीचे आकर्षण मोठे. चाक कोठे निर्माण झाले, घोडा कोणी माणसाळविला, वाफेचे इंजिन कोणी चालविले, हे आम्ही शाळांतून पिढ्यान् पिढ्या शिकवीत आलो. पण सुटलेले चाक कोणी आणि कशाने थांबविले, हा प्रश्न परीक्षेच्या पेपरात कधी आल्याचे मला स्मरत नाही. वास्तविक सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणा लोकांना या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पेडण्याहून सावंतवाडीमार्गे आंबोली चढा, डिचोलीहून साखळी-केरीमार्गे चोर्ला चढा, नाहीतर दोडामार्गाहून तिलारीचा घाट धरा. वर जाणे हे इंजिनाचे काम. खाली सुखरूप उतरणे हे मात्र ब्रेकचे काम, आणि घरची माणसे वाट पाहत असतात ती उतरून येणाऱ्याची.

या विषयाला अलीकडे एक नवे निमित्त मिळाले आहे. आपल्या भागातील काही तरुणांच्या हाती आता वेगवान स्पोर्ट्‌स कार आल्या आहेत. वर्षातून एकदोनदा ही मुले गाडी घेऊन कोइमतूरला किंवा चेन्नईला जातात आणि पैसे भरून शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर दिवसभर चालवितात. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. तेथे स्पर्धा नसते, बक्षीस नसते. आपली गाडी आणि आपले कसब अजमावून पाहायचे, एवढेच. त्यांच्या गप्पांत एक प्रश्न हटकून निघतो : ब्रेकचे पॅड कोणते घालावेत? साधे, की शर्यतीचे?

इतिहासाच्या शिक्षकाने या गॅरेजच्या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात वारंवार दिले गेले आहे, आणि ते उत्तर देणाऱ्यांत आपला घाट, आपली रेल्वे आणि आपला डिचोलीचा खाणपट्टाही आहे.

बैलाचे पाय आणि जुने बूट

रामघाटासारख्या जुन्या घाटांतून शतकानुशतके मीठ, धान्य आणि कापड गेले ते बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे घाट चढत-उतरत. पाठीवर ओझे घेतलेल्या बैलाला ब्रेक लागत नाही. त्याचे चार पाय हेच त्याचे ब्रेक. एकोणिसाव्या शतकात घाटांतून बांधीव रस्ते झाले, चाकाची गाडी घाटात आली, आणि तिच्याबरोबर उताराची नवी भीतीही आली. भरलेली गाडी उतारावर बैलांच्या अंगावर लोटू लागते. मग चाकाच्या धावेवर लाकडाचा ठोकळा दाबायचा, किंवा एक चाक साखळीने जखडून ते फरफटत न्यायचे, हे उपाय जगभरच्या गाडीवानांनी आपापल्या बुद्धीने शोधले.

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या एका गृहस्थाने हेच पाहिले. तेथील गाडीवान उतारावर लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटांचे चामडे लावीत, म्हणजे चाकावर पकड चांगली बसे. फ्रूडने यावरून १८९७ मध्ये ब्रेकच्या अस्तरांचे प्रयोग सुरू केले. पुढे त्याने जी कंपनी काढली तिचे नाव ‘फेरोडो’. स्वतःच्या आडनावाची अक्षरे फिरवून त्यांत पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर मिसळून त्याने हे नाव बनविले, असे सांगतात. आज ट्रॅकवर जाणाऱ्या मुलांच्या तोंडी जी नावे असतात त्यांत हेही एक आहे. मुंबईत घाटकोपरला याच नावाशी नाते सांगणारा हिंदुस्थान फेरोडो हा कारखाना पुढे उभा राहिला, आणि नंतर तो हिंदुस्थान कंपोझिट्‌स झाला.

फ्रूडच्याही आधीची एक गोष्ट आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ ही बाई नवऱ्याने तयार केलेली मोटारगाडी घेऊन दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा तिने एका गावातल्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकला बसविलेले पहिले अस्तर ते हेच मानतात. म्हणजे या विद्येचा पहिला कारागीर चांभार होता.

चामडे, लाकूड, कापूस, लोखंड यांपैकी काय निवडावे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आणि निवड करताना पाहायचे काय, हेही तेव्हाच ठरले. ब्रेक गती नष्ट करीत नाही, तो तिची उष्णता करतो. आठवी-नववीच्या मुलांना आम्ही ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवितो तो हाच. म्हणून जो पदार्थ ती उष्णता सोसून आपली पकड सोडीत नाही, तो ब्रेकला योग्य.

आगगाडी घाट उतरते

आपल्या भागात या नियमाची मोठी कसोटी लागली ती रेल्वेच्या वेळी. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज मार्ग टाकण्यात आला आणि १८८८ मध्ये तो ब्रिटिश हिंदुस्थानातील रेल्वेला जोडला गेला. कुळे ते कॅसलरॉक हा दूधसागरावरून जाणारा भाग म्हणजे पोर्तुगालच्या राजघराण्याचे नाव लाभलेला ब्रागांझा घाट. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर चालले की एक मीटर उंची. पायी माणसाला हा चढ काहीच नाही. पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकांना तो फार झाला.

या घाटात गाडीला जादा इंजिने जोडतात. लोकांना वाटते, ती केवळ चढण्यासाठी. पण उतरतानाही त्यांचे काम तेवढेच मोठे. गाडीचा भार मागे आवरून धरायचा असतो. उतार सुरू होण्याआधी ब्रेकची तपासणी केल्याशिवाय गाडी सोडीत नाहीत. शिवाय सह्याद्रीतल्या घाटरेल्वेवर जागोजागी ‘कॅच सायडिंग’ ठेवलेल्या असतात : ब्रेक सुटलेली गाडी मुख्य मार्ग सोडून चढावर जाईल आणि आपोआप थांबेल, अशी फाट्याची सोय. ब्रेक कितीही उत्तम असला तरी तो कधीतरी हरेल, हे गृहीत धरून केलेली ही व्यवस्था आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर वळणाबाहेर वाळूखडीची मोकळी पट्टी ठेवतात, ती याच विचाराने. आपल्या घाटरस्त्यांवर वळणाबाहेर दरी असते, हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी पेडण्यातून कोकण रेल्वे गेली. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग सबंध खुला झाला. त्याच्या आखणीत चढ १५० ला १ पेक्षा तीव्र ठेवायचा नाही, असे ठरविले होते. त्यासाठी पेडण्याच्या दीड किलोमीटरच्या बोगद्यासारखे कितीतरी बोगदे खणावे लागले. ब्रागांझा घाटाने ब्रेकवर भार टाकला, कोकण रेल्वेने तो भार डोंगर पोखरून आधीच कमी केला. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा असे मालट्रक रेल्वेवर चढवून नेण्याची सोयही झाली. ट्रक रेल्वेवर, ड्रायव्हर विश्रांतीला आणि ब्रेक थंड.

खाणपट्ट्याचे शहाणपण

आता आपल्या अगदी अंगणातली गोष्ट. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेडणे आणि डिचोली हे तालुके पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीत गेले, आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे येथे चाकाची वाहतूक बेताचीच राहिली. जुनी माणसे ज्यांना ‘कामियांव’ म्हणत, त्या लाकडी सांगाड्याच्या बसगाड्या हीच मोटारीची ओळख. १९४७ च्या सुमारास खनिज लोखंडाची निर्यात सुरू झाली आणि चित्र पालटले. डिचोली, शिरगाव, मये, साखळी, सुर्ला, पाळी, वेळगे या भागांतून खनिज ट्रकांनी सारमानस, आमोणे यांसारख्या नदीकाठच्या धक्क्यांवर जाई आणि तेथून बार्जने मुरगावला. खाण डोंगरावर, धक्का नदीवर. म्हणजे भरलेला ट्रक उतरणार आणि रिकामा चढणार. ब्रेकला यापेक्षा अवघड कामगिरी दुसरी नाही.

थोडे गणित मांडतो. बाराशे किलोची मोटार ताशी १०० किलोमीटरांवरून पूर्ण थांबविली, तर निघणारी उष्णता दीड लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. सोळा टनांचा भरलेला ट्रक ५०० मीटर उंचीचा घाट उतरला, तर अडीचशे लिटर पाणी उकळावे इतकी उष्णता कोठेतरी जावी लागते. ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये गेली, तर लायनर जळतात, वास सुटतो, पेडल दाबले तरी ब्रेक धरीत नाही. यालाच मोटारशास्त्रात ‘फेड’ म्हणतात. खाणपट्ट्यातल्या ड्रायव्हरला हा शब्द ठाऊक नसला तरी गोष्ट ठाऊक होती. त्याचा नियम साधा : ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. गाडी इंजिनावर आवर, ब्रेक राखून ठेव.

२०१०-११ मध्ये गोव्यातून सुमारे पाच कोटी टन खनिज निर्यात झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबविल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेने ती उठली आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. नंतर लिलावाच्या मार्गाने काही खाणी सुरू झाल्या. पण या काळात कितीतरी ट्रकवाल्यांनी स्टिअरिंग सोडले, आणि त्यांच्या हातापायांत असलेली ही विद्या पुढच्या पिढीकडे जायची राहून गेली.

अशाच एका बापलेकांचे बोलणे माझ्यासमोर झाले. मुलगा आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी. आयटीत चांगली नोकरी, जुनी पण वेगवान स्पोर्ट्‌स कार घेतलेली. वडिलांनी हयात खनिजाच्या ट्रकवर काढलेली. मुलगा म्हणाला, “सर, शर्यतीचे पॅड मागवलेत. ट्रॅकवर गाडी जागच्या जागी उभी राहते.” वडील म्हणाले, “बाबा, पावसात सकाळी थंड गाडी काढ, आणि पहिल्याच वळणावर म्हैस आडवी आली तर उभी करून दाखव. मग सांग.” मुलगा हसला. पण म्हाताऱ्याने बोट ठेवले ते नेमके ठिकाणावर. ते कसे, हे पुढे येईलच.

शर्यतीने काय शिकविले

मोटारीच्या ब्रेकमध्ये दोन घराणी आहेत. एक ड्रमचे : गोल डब्याच्या आतून लायनर बाहेर दाबायचे. फ्रान्सच्या लुई रेनोने १९०२ मध्ये ते रूढ केले. दुसरे डिस्कचे : फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटीत धरायची. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने याचे पेटंटही १९०२ मध्येच घेतले. पण त्याचे धातूचे पॅड भयंकर किंचाळत, म्हणून ती कल्पना मागे पडली. ड्रम अर्धे शतक राज्य करून राहिला. बंद डब्यातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते आणि डबा तापून फुगला की लायनरपासून लांब जातो, हे त्याचे दोष सर्वांना ठाऊक होते. पण साध्या रस्त्यावर ते खपून जात.

ते खपले नाहीत शर्यतीत. १९५२ मध्ये जग्वार कंपनीने डनलॉपच्या डिस्क ब्रेकचे प्रयोग शर्यतीत सुरू केले, आणि १९५३ मध्ये फ्रान्समधील ले मांस येथील चोवीस तासांची शर्यत तिच्या सी-टाइप गाडीने जिंकली. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन हे चालक. सरासरी वेग प्रथमच ताशी शंभर मैलांच्या वर गेला. इंजिनाची ताकद हे या विजयाचे एकमेव कारण नव्हते. बाकीच्यांचे ब्रेक रात्रीपर्यंत थकत आणि त्यांना वळणाच्या कितीतरी आधी वेग कमी करावा लागे. जग्वारला उशिरा ब्रेक लावणे परवडे.

दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याच ले मांसला भीषण अपघात झाला. थांबण्यासाठी पुढच्या जग्वारने वेग कमी केला, तिच्या मागची गाडी वाचविण्यासाठी बाजूला वळली, आणि तिच्यावर मागून येणारी मर्सिडीज आदळून प्रेक्षकांत गेली. चालक पिएर लेव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक प्राणास मुकले. मर्सिडीजला तेव्हा ड्रम ब्रेकच होते, आणि जोडीला हवा अडविण्यासाठी मागे उभी राहणारी मोठी फळी बसविली होती. दोष कोणाचा, याचा वाद अजून मिटलेला नाही. आपल्यापुरता बोध इतका की, एक गाडी लवकर थांबू शकते म्हणून मागच्या सगळ्या थांबतीलच असे नाही. धारगळहून मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या नव्या रुंद रस्त्यावर वेगाची हौस फेडणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

आपल्या देशात मोटारशर्यती वाढल्या त्या युद्धकाळातल्या धावपट्ट्यांवर. मद्रासजवळचे शोलावरम हे त्यांतले प्रसिद्ध नाव. त्या काळच्या अ‍ॅम्बॅसॅडर आणि फियाट गाड्यांना चारी चाकांना ड्रमच असत. पुढे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे १९९० मध्ये सुमारे पावणेचार किलोमीटरचा ट्रॅक झाला. त्यानंतर कोइमतूरजवळ सुमारे दोन किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आणि २०११ मध्ये दिल्लीजवळ बुद्ध सर्किट. आपल्या मुलांना सोयीचे पडतात ते पहिले दोन.

मग पॅड कोणते घ्यावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ट्रॅकवर ताशी १८० वरून ८० वर यायला तीनचार सेकंद लागतात. तेवढ्यात पावणेचार लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता निघते, आणि एका फेरीत हे पुनःपुन्हा घडते. घाटात ट्रकची उष्णता हळूहळू चढते, ट्रॅकवर ती घणाघाताने येते.

साधारणपणे पॅडच्या तीन जाती सांगता येतील. गाडीबरोबर येणारे रस्त्याचे पॅड थंडपणी पहिल्याच दाबात धरतात, आवाज करीत नाहीत, डिस्क फारशी खात नाहीत. पण साडेतीनशे-चारशे अंशांपुढे त्यांतली राळ जळू लागते, वायू सुटतो आणि पकड निसटते. शर्यतीचे पॅड सहाशे अंशांपुढेही पकड सोडीत नाहीत. पण त्यांना काम सुरू करायलाच दीडशे-दोनशे अंशांची ऊब लागते. थंड असताना ते गुळगुळीत लागतात, किंचाळतात, धूळ सोडतात आणि डिस्क लवकर झिजवितात. दोहोंच्या मध्ये जलद रस्त्याचे म्हणून मिळणारे पॅड असतात. ते थंडपणी धरतात आणि ट्रॅकवरच्या पंधरावीस मिनिटांच्या फेऱ्याही बहुधा सोसतात.

पॅडच्या कडेला पुष्कळदा दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर थंड असतानाची पकड सांगते, दुसरे गरम असतानाची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर दुर्बळ आणि दुसरे सबळ असेल, तर ते पॅड गरम होईपर्यंत तुमची वाट पाहायला लावणार, असे समजावे. पण ही चाचणी ट्रॅकच्या उष्णतेपर्यंत जात नाही, म्हणून अक्षरांबरोबर उत्पादकाने दिलेली तापमानाची मर्यादाही पाहावी.

आणि येथे त्या ट्रकवाल्या वडिलांचे बोलणे आठवावे. डिचोलीचा मुलगा कोइमतूरला दिवसभर ट्रॅकवर असतो, पण तेथे जाताना आणि येताना तो शेकडो किलोमीटर सार्वजनिक रस्त्याने, घाटाने, कदाचित पावसाने चालवितो. ओल्या सकाळी चोर्ल्याच्या पहिल्या वळणावर शर्यतीचे पॅड थंडच असतात. म्हणून माझ्या मते नवशिक्याने मधल्या जातीचे पॅड घ्यावेत. ज्याला शर्यतीचेच हवेत त्याने ते पेटीतून न्यावेत, ट्रॅकवर बदलावेत आणि परतताना रस्त्याचे पुन्हा बसवावेत. अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. फक्त पुढचे पॅड जबर आणि मागचे साधे, किंवा उलट, असे तोलाचा विचार न करता करू नये; गाडी चारी चाकांवर थांबत असते.

पॅडइतकीच महत्त्वाची, पण विसरली जाणारी गोष्ट म्हणजे ब्रेकचे तेल. ते हवेतला ओलावा शोषते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेत ओलाव्याला काय तोटा? नवे ‘डॉट ३’ तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. ‘डॉट ४’ साठी हे आकडे २३० आणि १५५, ‘डॉट ५.१’ साठी २६० आणि १८०. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला बसते. उत्तम पॅड घालून जुन्या तेलावर ट्रॅकवर जाणे म्हणजे नवे कुलूप कुजक्या दाराला लावणे. ट्रॅकवर जाण्यापूर्वी तेल नवे करावे. ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचे वेगळेच तेल आहे. नावाच्या साम्याने फसून ते यांत मिसळू नये.

नवे पॅड घातल्यावर मोकळ्या, सुरक्षित जागी मध्यम वेगावरून पाचदहा वेळा वेग कमी करून ते डिस्कवर बसवून घ्यावेत आणि मग थंड होऊ द्यावेत. पॅड निम्मे झिजले असतील तर त्यांवर ट्रॅकला जाऊ नये. पातळ पॅडमधून उष्णता तेलापर्यंत लवकर पोचते. ट्रॅकवरची शेवटची फेरी सावकाश मारावी, आणि उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. दगड लावण्याची ही रीत आपल्या ट्रकवाल्यांना कोणी शिकवावी लागली नव्हती.

आणखी दोन गोष्टी कायद्याच्या. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीतून शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवरचे नुकसान आपल्याच खिशातून जाते. आणि सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चढाओढ करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढविली आहे.

धुळीची किंमत

या इतिहासाचे एक पान काळे आहे. उष्णता सोसणारा स्वस्त पदार्थ म्हणून विसाव्या शतकात ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आले आणि बहुतेक शतकभर राहिले. त्याचे तंतू फुप्फुसात रुततात ते निघत नाहीत. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात काम केलेली नेली केरशॉ ही स्त्री १९२४ मध्ये ऐन तिशीत वारली, तेव्हा या रोगाची वैद्यकात नोंद झाली. तरी ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानून निर्देश दिले.

ड्रम उघडून तोंडाने किंवा पंपाच्या हवेने धूळ उडविणारा मेस्त्री आपण सर्वांनी पाहिला आहे. गाडी थांबली, मालक सुखरूप घरी गेला. पण त्या थांबण्याची बाकी मेस्त्रीच्या छातीत जमा होत राहिली. पॅड घेताना त्यावर ‘अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त’ असे स्पष्ट लिहिलेले असावे, आणि तसे असले तरी धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या अमेरिकन राज्यांनी २०१० मध्ये पॅडमधील तांब्यावरही मर्यादा घातली, कारण ते पावसाबरोबर वाहून नदीतल्या माशांना बाधते. शापोरा आणि मांडवीच्या काठी राहणाऱ्या, ताटात नुस्ते लागणाऱ्या आपणांस हे परके वाटण्याचे कारण नाही.

असो. चांभाराच्या चामड्यापासून आजच्या पॅडपर्यंत पदार्थ बदलत गेले, पण निवडीची कसोटी तीच राहिली आहे : उष्णता किती निघणार, ती कोठे जाणार, आणि त्या पकडीची गरज पहिल्याच क्षणी लागणार की तापल्यावर. ट्रॅकची हौस वाईट नाही. वेगाला बंदिस्त जागा देणारा तरुण रस्त्यावर तो वेग आणणार नसेल, तर मी त्याचे स्वागतच करीन. मात्र पॅड मागविण्याआधी त्याने एखादी संध्याकाळ डिचोलीच्या एखाद्या निवृत्त ट्रकवाल्याबरोबर घालवावी. ते लोक आता साठीसत्तरीचे आहेत. त्यांनी भरलेल्या गाड्या वर्षानुवर्षे उतरविल्या कशा, हे कोणी विचारून लिहून ठेवले नाही, तर आपल्या तालुक्याच्या इतिहासातले हे प्रकरण कोरेच राहील.